गोबरगॅसमधील कार्बन डायऑक्साइडपासून खनिज पदार्थ: खान्देशातील गोशाळा आणि शेतकऱ्यांसाठी कृतिमार्ग

गोबरगॅस संयंत्रातून निघणाऱ्या वायूत जळणारा मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के असतो. उरलेला भाग बहुतांशी कार्बन डायऑक्साइडचा असून त्यात पाण्याची वाफ आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड मिसळलेला असतो. कार्बन डायऑक्साइड जळत नाही, शेगडीची आच मंदावतो आणि इंजिनात जागा अडवतो. तो चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थात शोषून घेतला तर एका बाजूला वायू अधिक दमदार होतो आणि दुसऱ्या बाजूला कॅल्शियम कार्बोनेट किंवा पोटॅशियम बायकार्बोनेट असा घन, साठवता येणारा पदार्थ हाती येतो. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग शाळेत सर्वांनी केलेला आहे. येथे तोच प्रयोग मोजूनमापून आणि रोजच्या रोज करायचा आहे.

ड्रम, पाइप आणि पंप यांची जुळवाजुळव पुढे होईलच. परंतु पहिला प्रश्न अल्कली कोठून आणायची हा आहे, आणि बहुतेक योजना याच प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे फसतात.

अल्कलीचा स्रोत आधी ठरवा

बाजारातला कळीचा चुना चुनखडी भाजून तयार होतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भट्टीत भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून हवेत जातो. तोच ५६ किलो चुना विकत आणून आपण गोबरगॅसमधील ४४ किलो कार्बन डायऑक्साइड शोषला, तर पुन्हा १०० किलो कॅल्शियम कार्बोनेट तयार होते आणि हिशेब जेथून सुरू झाला तेथेच येऊन थांबतो. भट्टीच्या इंधनाचा धूर मात्र वरखर्चात जमा होतो. म्हणून नवा चुना वापरून केलेल्या कामाला हवामानरक्षण म्हणू नये. त्याला वायू शुद्ध करण्याची एक पद्धत म्हणावे, आणि तेवढ्यापुरती ती रास्त आहे. खरा लाभ हवा असेल तर अल्कली टाकाऊ मालातून मिळवावी लागते.

असा पहिला स्रोत म्हणजे कार्बाइडचा गाळ. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकून ॲसिटिलीन वायू बनवणाऱ्या कारखान्यांत आणि जुन्या पद्धतीच्या गॅस वेल्डिंग दुकानांत हा राखाडी, किंचित लसणासारखा उग्र वास येणारा गाळ साचतो. तो मुख्यतः विरलेला, म्हणजे पाण्याशी संयोग झालेला, चुनाच असतो. ६४ किलो शुद्ध कार्बाइडमागे ७४ किलो विरलेला चुना तयार होतो. मात्र उघड्या खड्ड्यात महिनोन्महिने पडलेला गाळ हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन आधीच निकामी झालेला असू शकतो. म्हणून गाळ ताजा, झाकलेला आणि ओला असतानाच उचलावा.

दुसरा स्रोत राखेचा आहे, आणि येथे खान्देशात एक गैरसमज हमखास आढळतो. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राची राख हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा तीच वापरावी, असे अनेकांना वाटते. परंतु भारतीय दगडी कोळशाच्या राखेत सिलिका आणि ॲल्युमिना यांचाच भरणा असतो आणि चुन्याचे प्रमाण सहसा फार कमी असते. ती राख विटांसाठी उत्तम असली तरी वायू शोषण्यासाठी तिचा उपयोग नगण्य आहे. चुलीतल्या पऱ्हाटीच्या राखेत कॅल्शियम असते, पण त्यातले बरेचसे जळतानाच कार्बोनेट झालेले असते. केळीची राख मात्र वेगळी असून तिच्यातील पोटॅशचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

कोणताही गाळ वा चुना घेण्यापूर्वी त्याचा कस घरच्या घरी काढता येतो. नमुना झाकलेल्या भांड्यात मंद आचेवर कोरडा करून त्यातला १०० ग्रॅम मोजून घ्यावा, एक लिटर पाण्यात कालवावा, त्यातून गोबरगॅस पूर्ण शोषण होईपर्यंत सोडावा, आणि मग सगळा गाळ पाण्यासह आटवून, वाळवून पुन्हा वजन करावे. शुद्ध विरलेला चुना १०० ग्रॅमचा १३५ ग्रॅम होतो. आपला नमुना १२० ग्रॅमवर थांबला, तर ३५ पैकी २० ग्रॅमच वाढ झाली, म्हणजे त्यात कामाचा चुना सुमारे ५७ टक्के आहे असे समजावे. नमुन्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच जोरात फसफसले, तर माल आधीच कार्बोनेट झालेला आहे आणि तो घेण्यात अर्थ नाही.

वायूची मोजणी

कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण काढण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. ६० मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज घेऊन तिच्यात ५० मिलिलिटर वायू ओढावा. मग १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून केलेल्या द्रावणातले १० मिलिलिटर त्याच सिरिंजमध्ये ओढून तोंड बंद करावे आणि मिनिटभर हलवावे. दांडा आपोआप आत सरकतो. द्रावण वगळून वायू ३० मिलिलिटर उरला, तर २० मिलिलिटर शोषला गेला, म्हणजे प्रमाण ४० टक्के झाले. हायड्रोजन सल्फाइडही याच २० मध्ये मोजला जातो, पण त्याने आकड्यात फारसा फरक पडत नाही. कॉस्टिकचा थेंब डोळ्यात गेल्यास कायमची इजा होऊ शकते, म्हणून हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय ही चाचणी करू नये.

तरंगत्या टाकीच्या संयंत्रात वायूचे आकारमान टाकीच पट्टीसारखी मोजून देते. टाकीचा व्यास १.२५ मीटर असेल तर ती १० सेंटीमीटर खाली बसली की सुमारे ०.१२ घनमीटर वायू बाहेर पडला. त्यात ४० टक्के कार्बन डायऑक्साइड धरला तर खान्देशच्या सर्वसाधारण तापमानाला त्याचे वजन ८५ ते ९० ग्रॅम भरते आणि त्यासाठी शुद्ध विरलेला चुना सुमारे १४६ ग्रॅम लागतो. टाकीवर दर १० सेंटीमीटरला रंगाची रेघ ओढून ठेवावी.

आता मोठा हिशेब पाहू. ताज्या शेणापासून किलोमागे साधारण ०.०४ घनमीटर वायू मिळतो. म्हणजे रोज ५० घनमीटर वायू देणाऱ्या गोशाळेला सव्वा टन शेण, अर्थात सव्वाशेच्या आसपास गुरे लागतात. त्या ५० घनमीटरमध्ये २० घनमीटर, म्हणजे सुमारे ३५ किलो कार्बन डायऑक्साइड असतो. तो संपूर्ण शोषण्यास शुद्ध विरलेला चुना ६० किलो लागतो आणि ८० किलो कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. गाळाचा कस ५७ टक्के निघाला असेल तर कोरडा गाळ १०५ किलो लागेल, आणि ओल्या गाळाचे वजन तर त्याहून बरेच जास्त भरेल. एवढा माल रोज मिळणार नसेल तर वायूचा काही भागच शोषावा, पण नियमितपणे शोषावा. दोन घनमीटरच्या घरगुती संयंत्रासाठी हेच गणित अडीच किलो चुना आणि जेमतेम सव्वातीन किलो उत्पादनावर येते. एका घरापुरते हे काम शिकण्यासाठी ठीक आहे, उत्पन्नासाठी नाही.

हायड्रोजन सल्फाइड आधी काढा

ही पायरी गाळण्याचा मोह होतो, कारण चुना हायड्रोजन सल्फाइडही शोषून घेतो. परंतु घात तेथेच आहे. सुरुवातीला चुन्यात अडकलेला सल्फाइड पुढे कार्बन डायऑक्साइड येत राहिला की पुन्हा मोकळा होतो, कारण कार्बन डायऑक्साइडचे आम्ल त्याला तेथून हुसकावते. परिणामी शेवटच्या टप्प्यात ड्रममधून एकदम विषारी वायूचा लोट निघू शकतो आणि हाती आलेला पांढरा माल काळपट पडतो. सडक्या अंड्यासारखा वास आला की कळेलच, असा भरवसाही ठेवू नये, कारण सुमारे १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भागांच्या) वर हा वायू नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो.

उपाय सोपा आहे. लेथवर निघणारा लोखंडी कीस पाण्याने ओला करून, चांगला गंजवून, सहा इंची पीव्हीसी पाइपमध्ये सैलसर भरावा आणि वायू खालून वर न्यावा. तांबूस गंज काळा पडत वर सरकतो. काळी रेषा पाऊण उंचीवर आली की कीस बदलावा. वापरलेला कीस हवेत उघडा टाकला तर तो तापतो आणि पेटूही शकतो, म्हणून तो पाणी शिंपडून ओलाच, शेडपासून दूर आणि पातळ थरात पसरावा. पुन्हा तांबूस झाला की तो आणखी काही वेळा वापरता येतो.

चुनापाणी आणि दोन ड्रमची मांडणी

डाळिंबावर किंवा द्राक्षावर बोर्डो मिश्रण फवारणाऱ्यांना चुना विरवण्याची कृती नवी नाही. कळीचा चुना नेहमी पाण्यात हळूहळू टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये, कारण त्याने उकळते शिंतोडे उडतात. गाळ वापरत असल्यास फक्त कालवणे पुरे. १०० लिटर पाण्याला ८ किलोच्या हिशेबाने चुनापाणी करून ते बारीक जाळीतून गाळून घ्यावे. खडे राहिले तर तेच पुढे नळ्या तुंबवतात आणि मालातही करकर आणतात. गोशाळेच्या वरील उदाहरणात दिवसाला सुमारे ७५० लिटर चुनापाणी लागेल.

आता दाबाचा प्रश्न येतो. तरंगत्या टाकीतील वायूचा दाब साधारण १० सेंटीमीटर पाण्याएवढाच असतो. नळीचे टोक चुनापाण्यात १० सेंटीमीटर बुडवले की सगळा दाब तेथेच संपतो आणि शेगडी विझते. घरगुती प्रयोगात नळी तीन-चार सेंटीमीटरच बुडवावी, बारीक भोकांची ठेवावी आणि टाकीवर थोडे वजन ठेवून दाब वाढवावा. मोठ्या कामासाठी वायू प्रथम फुग्यात साठवून तेथून बायोगॅससाठीच बनवलेल्या, ठिणगी न उडणाऱ्या ब्लोअरने ढकलावा. ब्लोअर थेट संयंत्राला जोडू नये. त्याने संयंत्रात ओढ निर्माण होऊन हवा आत शिरते, आणि हवेत ५ ते १५ टक्के मिथेन म्हणजे स्फोटक मिश्रण.

झाकणबंद दोन ड्रम एकापुढे एक ठेवावेत. वायू पहिल्यातून दुसऱ्यात आणि तेथून पाण्याच्या सीलमधून पुढे शेगडीकडे किंवा इंजिनाकडे जावा. पहिल्या ड्रममधला चुना आधी संपतो आणि निसटलेला वायू दुसरा पकडतो. पहिला संपला की तो रिकामा करून ताजा भरावा आणि नळ्या बदलून त्याला दुसऱ्या जागी लावावे. म्हणजे जवळपास संपलेल्या चुन्याला नेहमी कच्चा वायू मिळतो आणि ताज्या चुन्याला उरलासुरला, त्यामुळे चुना वाया जात नाही. दोन्ही ड्रम मधूनमधून ढवळावे लागतात, नाहीतर चुना तळाशी बसून वरचे पाणीच काम करीत राहते. ढवळणीचा दांडा झाकणातून जातो तेथे पाण्याचे सील करावे. शोषक स्तंभात, म्हणजे वायू शोषणाऱ्या उभ्या पाइपमध्ये, पोकळ तुकडे भरण्याची सूचना अनेक ठिकाणी वाचायला मिळते. चुनापाण्यासाठी ती अव्यवहार्य आहे, कारण त्या तुकड्यांवर कार्बोनेटची पुटे चढून अल्पावधीत स्तंभ बुजतो.

काम भल्या पहाटे करावे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. चुना हा असा पदार्थ आहे की तो गरम पाण्यात थंड पाण्यापेक्षा कमी विरघळतो, आणि कार्बन डायऑक्साइडही तसाच. त्यामुळे भर दुपारी शोषण मंदावते.

कोठे थांबायचे

शोषण संपल्याची खूण हळद देते. ताज्या चुनापाण्याचा सामू (पीएच) साडेबाराच्या आसपास असतो आणि हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी त्यात लालभडक होते. सामू साडेआठच्या खाली येऊ लागला की पट्टी पिवळीच राहते. वायू बंद करण्याची वेळ तीच. पट्टी पिवळी राहिल्यावर दहा मिनिटे ढवळून पुन्हा पाहावे, कारण तळाचा न विरघळलेला चुना वर आला की पट्टी परत लाल होते. दोनदा पिवळी आली म्हणजे काम झाले. यानंतरही वायू सोडत राहिले तर तयार झालेले कार्बोनेट बायकार्बोनेट होऊन पाण्यात परत विरघळू लागते आणि दुधाळ पाणी निवळते. ते पाहून माल शुद्ध होत आहे असे समजू नये, तो हातचा जात आहे.

गाळ रात्रभर बसू द्यावा, वरचे पाणी काढून ते पुढच्या चुनापाण्यासाठी वापरावे, राहिलेला गाळ जाड सुती कापडातून गाळावा, एकदा स्वच्छ पाण्याने धुवावा आणि ताडपत्रीवर पातळ पसरावा. फेब्रुवारी ते मे या काळात आपल्याकडचे ऊन हे फुकटचे वाळवणयंत्र आहे. पावसाळ्यात मात्र माल वाळत नाही आणि साचून कुबट होतो, म्हणून तेव्हा शोषण निम्म्यावर आणणे शहाणपणाचे. वाळलेले ढेप फोडून, दळून, चाळून कोरड्या गोण्यांत भरावे.

माल कोठे खपतो आणि कोठे टाकू नये

जळगाव ही पीव्हीसी पाइप आणि प्लास्टिक चटईची पेठ आहे, आणि प्लास्टिकमध्ये कॅल्शियम कार्बोनेट भरणद्रव्य म्हणून वापरतात. परंतु कारखाने कणांचा आकार, ओलावा आणि शुभ्रता तपासूनच माल घेतात. नैसर्गिक चुनखडीची भुकटी बाजारात इतकी स्वस्त आहे की आपला राखाडी, कमीजास्त कणांचा माल तिच्याशी भावात टिकणार नाही. पांढऱ्या चुन्यापासून केलेला, चांगला धुतलेला मालच या दारात न्यावा, आणि तोही नमुना पास झाल्यावर. कार्बाइडच्या गाळापासून आलेला माल फरशीखालची भर, सिमेंटच्या ठोकळ्यांतील बारीक भर, मैदानावरची आखणी किंवा कुंपणाची सफेदी अशा ठिकाणी सहज खपतो. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागते, हे खरे. पण जड धातूंची प्रयोगशाळेतील तपासणी झाल्याखेरीज तेथे हा माल देऊ नये, आणि कार्बाइडवाला तर कधीच देऊ नये.

शेतात टाकणे हा सर्वांत सोपा वाटणारा मार्ग येथे सर्वांत चुकीचा आहे. चुना आम्लधर्मी जमिनीला हवा असतो. तापीकाठच्या काळ्या जमिनी बहुतेक ठिकाणी आधीच चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी आहेत. त्यांत आणखी कार्बोनेट मिसळले की लोह आणि जस्त पिकाला मिळेनासे होते आणि नवी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. कोकणातल्या नातेवाइकांना हवे असेल तर खुशाल पाठवा, आपल्या वावरात टाकू नका.

केळीच्या राखेचा दुसरा मार्ग

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात घड कापल्यावर खोड आणि पाने मागे राहतात. ती कुजवून जमिनीत घालणे हाच उत्तम उपयोग आहे. राखेसाठी मुद्दाम जाळपोळ करू नये. पण वाळलेली पाने आणि खोडाचे तुकडे इंधन म्हणून आधीच जळत असतील तर त्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट भरपूर मिळते. राख पाण्यात भिजवून, कापडातून गाळून, निवळ खार उन्हात किंवा चुलीवर आटवावा. आटताना प्रथम जे स्फटिक खाली बसतात ते बहुधा क्लोराइड आणि सल्फेटचे असतात. ते काढून टाकावेत, कारण पोटॅशियम कार्बोनेट या दोघांपेक्षा कितीतरी जास्त विरघळते आणि शेवटपर्यंत द्रावणातच राहते.

या दाट खारात सल्फाइडमुक्त गोबरगॅस सोडला की पोटॅशियम बायकार्बोनेट तयार होते. २० अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात कार्बोनेट सुमारे ११० ग्रॅम विरघळते, तर बायकार्बोनेट जेमतेम ३३ ग्रॅम, त्यामुळे नवा पदार्थ आपणहून स्फटिकरूपाने तळाशी पडतो. येथे पुटे चढण्याचा त्रास फारसा नसल्याने तुकडे भरलेला स्तंभ चालतो. जुन्या ठिबकच्या लॅटरलचे दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे करून पाइपमध्ये भरले की खार वरून झिरपतो आणि वायू खालून चढतो. स्फटिक दिसू लागले की स्तंभ थांबवून खार भांड्यात काढावा आणि उरलेले शोषण भांड्यातच करावे, म्हणजे स्तंभ तुंबणार नाही. स्फटिक सावलीत वाळवावेत, भट्टीच्या आचेवर नाही, कारण तापवल्यास त्यातला कार्बन डायऑक्साइड पुन्हा सुटतो.

पोटॅशियम बायकार्बोनेट भुरी रोगावर फवारतात. मिरची, काकडीवर्गीय वेली आणि द्राक्ष यांवर लिटरला पाच ग्रॅम हे प्रमाण पुरेसे आहे. भुरी दिसू लागताच फवारणी केली तरच उपयोग होतो, पान पांढरे पडल्यावर नाही. घरच्या मालात थोडे क्लोराइड उरतेच, म्हणून आधी पाच-दहा झाडांवर फवारून दोन दिवस पाने करपतात का ते पाहावे. हे स्वतःच्या शेतापुरते ठेवावे, कारण बुरशीनाशक म्हणून विक्री करायची तर नोंदणी लागते.

सुरक्षितता आणि देखभाल

शुद्ध झालेल्या वायूची आच चांगली वाढते आणि मग तो सिलिंडरमध्ये भरण्याची कल्पना हमखास निघते. ती तेथेच थांबवावी. उच्च दाबाने वायू भरण्यास स्फोटके सुरक्षा विभागाचा परवाना, प्रमाणित सिलिंडर आणि ठरलेली शुद्धता लागते. वाहनासाठीच्या बायोगॅसच्या भारतीय मानकात मिथेन किमान ९० टक्के हवा, आणि दोन ड्रमची ही मांडणी तेथपर्यंत रोज खात्रीने पोहोचेलच असे नाही.

शोषणाची शेड चारही बाजूंनी मोकळी ठेवावी. मिथेन हलका असल्याने छपराखाली अडकतो, तर कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड जड असल्याने खड्ड्यात साचतात. म्हणून पत्र्याच्या माथ्याला फट हवी आणि ड्रम कधीही खड्ड्यात बसवू नयेत. ड्रम उघडण्यापूर्वी वायूचा नळ बंद करून झाकणाची वाट पंधरा मिनिटे मोकळी ठेवावी, आणि जवळ विडी-काडी असू नये. शेगडीकडे जाणाऱ्या नळीत ज्योतरोधक जाळी बसवावी.

नळ्यांवर चढलेली पुटे शक्यतो काठीने खरवडून काढावीत. आम्लाने धुवायचेच असेल तर ड्रम शेडबाहेर आणून, वारा पाठीवर येईल असे उभे राहून, पातळ आम्ल थोडे थोडे टाकावे, कारण पुटांत अडकलेला सल्फाइड त्या वेळी एकदम सुटतो.